उशाचा दिवा

दर वर्षी आषाढ लागला की संपादकांचं बोलावणं येतं. पूर्वी पोस्टकार्ड यायचं, पुढं फोन यायला लागला, आता मोबाइलवर निरोप येतो आणि त्याखाली हात जोडल्याचं एक चित्र असतं. मजकूर मात्र ठरलेला. ‘दिवाळी अंकासाठी आपला लेख हवा. विषय : वाचनाची आवड आणि आजची यंत्रं. खुसखुशीत असावा.’

या विषयावर माझा हात चांगलाच बसलेला आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झालं तेव्हा मी कॉलेजात होतो, त्यामुळं ती संधी हुकली. पण पुढं घरोघरी रंगीत टीव्ही आले तेव्हा ‘हा डबा पुस्तकाला घराबाहेर काढणार’ असं मी ठणकावून लिहिलं. मग व्हिडिओ आला, केबल आली, कॉम्प्युटर आला, मोबाइल आला. शत्रू बदलत गेले, लेख तोच राहिला. संपादकांना तो दर वेळी नवा वाटला. हा त्यांचा चांगुलपणा, की तो कुणी नीट वाचतच नव्हतं याचा पुरावा, या प्रश्नाच्या फार खोलात मी कधी शिरलो नाही.

यंदाही मी उत्साहानं बसलो. ‘पुस्तक मिटलं, मोबाइल उघडला’ असा मथळा दिला. दोन पानं झाली. लोकलच्या डब्यात पूर्वी किती माणसं वाचत असत आणि आता किती बोटं काचेवर सरकतात, याचं वर्णन माझं मलाच आवडलं. त्या समाधानात जेवून झोपलो.

रात्री दीड-पावणेदोनला जाग आली. या वयात ती येतेच. पाहतो तो पलंगाच्या पलीकडच्या कडेला मंद, दुधट उजेड. त्यात हिचा चेहरा दिसत होता. चष्मा नाकावर, ओठ किंचित हलताहेत. माझ्या मनात पहिला विचार आला तो, खोटं कशाला सांगू, लेखाचा. आयता दाखला! अडुसष्ट वर्षांची, नातीची वेणी घालणारी बाई मध्यरात्री मोबाइल घेऊन पडली आहे. तिसरं पान इथूनच सुरू करायचं!

“काय गं, एवढ्या रात्री कुणाचे निरोप बघतेस?” मी म्हटलं.

ती दचकली. हातातली वस्तू तिनं चटकन पांघरुणात घेतली आणि खोलीत काळोख झाला.

“जाग आली का तुम्हाला? झोपा हं. बंद केलंय मी.”

“अगं, पण बघत काय होतीस?”

“बघत नव्हते. वाचत होते.”

मी उठून दिवा लावला. पांघरुणाखालून निघाली ती एक काळसर, चपटी पाटी. आमच्या नातीच्या आईला, म्हणजे सूनबाईंना, ऑफिसात कुणीतरी भेट दिलेला तो ई-रीडर. सूनबाईंना वेळ नाही, म्हणून तो कपाटात पडून होता. नातीनं तो शोधून काढला, आजीला शिकवला, अक्षरं हवी तेवढी मोठी कशी करायची ते दाखवलं, आणि दोघींनी मिळून त्याचं नाव ‘पाटी’ ठेवलं. हे सगळं झालं संक्रांतीच्या सुमारास. मी एका छपराखाली राहून मला पत्ता नाही.

“काय वाचतेस?”

“रमाबाई रानड्यांच्या आठवणी. हे अकरावं पुस्तक.”

“अकरावं! आणि हे सगळं रात्री?”

“रात्रीच जमतं. आणि ह्याला खोलीतला दिवा लागत नाही ना. दिवा असला की तुमची झोप मोडते.”

एवढं बोलून तिनं कूस बदलली. स्वरात तक्रार नव्हती, टोमणाही नव्हता. दुधाला विरजण लावलंय, असं सांगावं तसं सांगितलं. मी दिवा मालवला. झोप मात्र लागली नाही.

आमचं लग्न १९७९ सालचं. मुलगी बघायला आम्ही सांगलीला गेलो होतो. पोहे झाले, ‘गाता येतं का’ झालं, आणि मग माझ्या काकांनी ‘तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा’ म्हणून मला ढकललं. मी तेव्हा नुकताच कुठं कुठं छापून येऊ लागलो होतो. मोठ्या रुबाबात विचारलं, “वाचनाची आवड आहे का?” ‘हो’ म्हणून मान खाली जाईल अशी माझी अपेक्षा. पण या मुलीनं मान वर केली आणि सांगायला सुरुवात केली. सांगलीच्या नगरवाचनालयातून आणलेली पुस्तकं, आठवड्याला दोन, पावसाळ्यात तीन. कुठली आवडली, कुठली अर्ध्यात टाकली आणि का टाकली. तिच्या आईनं दारातून दोनदा खाकरून पाहिलं, पण हिचं आपलं चालूच. गाडीत बसल्याबरोबर मी काकांना होकार सांगितला. पुढं कितीतरी वर्षं मी ही हकीगत चारचौघांत सांगत आलो. ‘आमचं लग्न पत्रिकेवर नाही, पुस्तकांवर जमलं’ हे वाक्य तर दोन लेखांत वापरलं.

त्या रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मी आठवून पाहू लागलो, की लग्नानंतर ही वाचताना मला नेमकी कधी दिसली? पहिल्या वर्षी, माहेराहून येताना आणलेलं एक पुस्तक. त्यानंतर मुलाचं अभ्यासाचं पुस्तक हातात घेतलेली दिसते. पाककृतींचं दिसतं. वर्तमानपत्र दिसतं, पण ते भाजी निवडायला पसरलेलं. पुढं मला आठवेना.

गिरगावात आमच्या दोन खोल्या होत्या आणि माणसं सात. बाहेरच्या खोलीत वडील, धाकटा भाऊ आणि मी. आत स्वयंपाकघरात आई, बहीण, आजी आणि नवी सून. ज्यांनी चाळ पाहिली आहे त्यांना ही वाटणी सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती कितीही सांगितली तरी पटत नाही. अशा घरात जागेपेक्षाही टंचाई असते ती उजेडाची. वडील गिरणीच्या ऑफिसातले, पहाटे उठणारे. दहाच्या ठोक्याला ‘दिवे’ एवढा एकच शब्द ते उच्चारीत आणि घर काळोखात बुडे. उरे तो झिरोचा दिवा. नावाला झिरो. तोही बारा-पंधरा वॅट खातोच. जुन्या मीटरांना एवढीशी वीज मोजता येत नसे, म्हणून त्याला झिरो म्हणू लागले असं सांगतात. त्याच्या उजेडात माणूस पाण्याच्या पिंपावर आपटत नाही, एवढाच त्याचा उपयोग. हिनं त्या दिव्याखाली वाचून पाहिलं होतं, हे मला परवा कळलं. गॅलरीतल्या दिव्याची तिरीप स्वयंपाकघराच्या खिडकीतून मोरीच्या कठड्यावर पडायची, तिथं उभं राहूनही पाहिलं होतं. मग आजींना जाग यायची आणि त्या विचारायच्या, “बरं नाही का गं तुला?” बरी असलेली बाई रात्री जागी कशाला राहील?

आणि याच घरात १९८१ साली एक टेबललॅम्प आला. माझ्या कथेचे पंच्याहत्तर रुपये आले होते, ते घेऊन मी थेट लोहार चाळीत गेलो आणि वाकवता येणाऱ्या मानेचा एक हिरवा दिवा घेऊन आलो. लेखकाला दिवा हवाच! तो बाहेरच्या खोलीत खिडकीतल्या टेबलावर बसला. वडिलांनीही त्याला दहाच्या नियमातून सूट दिली. ‘त्याचं लिहिण्याचं काम असतं’ असं ते आल्यागेल्याला अभिमानानं सांगत. त्या दिव्याची काच रोज कोण पुशी, हे विचारण्याचं कारण नाही.

दिवाळी अंकांचंही तेच. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात फराळाबरोबर अंक येऊ लागला. आमच्याकडे वाचनालयाची दिवाळी योजना असे. एकदा पैसे भरायचे आणि पुढचे काही महिने एकामागून एक अंक घरी आणायचे. अंक घरात आला की पहिला मान वडिलांचा. मग मी, कारण मी लेखक. मग धाकटा भाऊ, कारण तो विनोद आणि राशिभविष्य एवढंच पाही आणि लवकर सोडी. मग बहीण. मग शेजारचे मास्तर, कारण ते मागत. त्यानंतर हिची पाळी. तेवढ्यात अंक परत करण्याचा दिवस उजाडलेला असे, आणि अंक परत करून नवा आणायचं काम मी तत्परतेनं करत असे. “तुझा वाचून झाला ना?” असं मी जिन्यावरून विचारायचो. ती आतून ‘हो’ म्हणायची. त्या ‘हो’चा अर्थ मी चाळीस वर्षं अगदी शब्दशः घेतला.

पुढं आम्ही डोंबिवलीला आलो. स्वतंत्र खोली झाली, स्वतःचा पलंग झाला. आता अडचण कसली? पण मला उजेडात झोप येत नाही. मी सात-तेहतीसच्या लोकलचा माणूस. दोन-चारदा तिनं उशाशी दिवा ठेवून पुस्तक उघडलं असेल, दोन-चारदा मी ‘अगं, किती वेळ?’ म्हटलं असेल. भांडण नाही, रुसवा नाही. एवढं पुरतं. दोन हजार पाच-सहाच्या सुमारास भारनियमन सुरू झालं, तेव्हा मी अंधाराविरुद्ध वर्तमानपत्राला एक जळजळीत पत्र लिहिलं होतं. आमच्या खोलीतल्या भारनियमनाची मला कल्पना नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या रात्री आठवली. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेला पूर आला आणि सांगलीच्या नगरवाचनालयात पाणी शिरलं. हजारो पुस्तकं भिजली. टीव्हीवर ती बातमी पाहून ही रडली. मी समजूत घातली, “अगं, तुझ्या माहेरचं घर तर सुखरूप आहे ना?” तिनं माझ्याकडं पाहिलं आणि आत निघून गेली. मला वाटलं, बायकांचं मन हळवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी जरा अपराध्यासारखा बसलो होतो. ही नेहमीसारखीच. मीच विषय काढला, “काय म्हणतात रमाबाई?”

“काय म्हणणार? लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांच्या. अक्षरओळख नाही. माधवराव दिवसभर कोर्टाच्या कामात, आणि रात्री बायकोला शिकवायला बसत. घरातल्या बायकांना ते खपत नसे, त्या हिला टाकून बोलत. पण रात्रीचा धडा चुकला नाही.” मग कपात साखर ढवळता ढवळता म्हणाली, “न्यायमूर्ती होते हो ते. रात्री दिवा लावणारे.”

चमचा कपावर दोनदा टिचकी मारून थांबला. सूनबाईंनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. पंचेचाळीस वर्षांत एकच वाक्य, पण अपील नाही असा निकाल.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दिव्यांचीच वर्दळ चालू आहे. कोकणातल्या आमच्या मूळ घरी माझ्या लहानपणी वीज नव्हती. घासलेटाचा एक मोठा कंदील, बाकी चिमण्या. संध्याकाळी कंदिलाची काच राखेनं पुसायची असे. हे काम मुलींकडं. का, तर त्यांचे हात लहान, काचेत सहज जातात. मुलींनी पुसलेल्या काचेच्या उजेडात अभ्यासाला बसायचे ते मुलगे! चातुर्मासात मात्र त्याच कंदिलाभोवती सारं घर जमायचं. एक जण पोथी वाचायचा आणि दहा जण ऐकायचे. माझ्या आजीला अक्षर येत नव्हतं, पण वाचणाऱ्यानं ओवी गाळली की ती भिंतीशी बसूनच टोकायची. एका दिव्यात दहा जणांचं वाचन व्हायचं. वीज आली, दिवे वाढले, आणि ज्याचं त्याचं वाचन निराळं झालं. मग ज्याला दिवा मिळाला तो वाचू लागला.

आमच्या पिढीतल्या प्रत्येकाचे वडील म्युनिसिपालिटीच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठे झालेले असतात. माझेही झाले होते. त्या काळी एकेका खांबाखाली किती गर्दी असेल याचा मी पुष्कळ विचार केलेला आहे. पण या सांगोवांगीच्या गोष्टींत एक गोष्ट अशी आहे की तिची चेष्टा करवत नाही. परळच्या चाळीतली एक खोली. त्यातच स्वयंपाक, त्यातच सामान, त्यातच सगळी माणसं. शाळकरी भीमराव आंबेडकर लवकर झोपत, वडील रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, आणि दोन वाजता मुलाला अभ्यासाला उठवून मग त्याच्या जागी आपण आडवे होत. घासलेटाच्या, काचही नसलेल्या दिव्यावर तो अभ्यास चाले. जागा कमी होती, उजेड कमी होता, म्हणून त्या बापानं झोपेची पाळी लावून घेतली. तसं पाहिलं तर पाळी लावणं आमच्या दोन खोल्यांतही जमण्यासारखं होतं. ते सुचायला हवं.

बरं, या पाटीचं गौडबंगाल काय हेही मला समजून घ्यायचं होतं. नातीनं माझी शिकवणी घेतली. ती सातवीत आहे आणि अडाणी माणसाला समजावण्याची तिला हौस आहे. तिनं सांगितलं, की ही मोबाइलची काच नाही. हिच्या आत केसाच्या जाडीएवढ्या बारीक बारीक गोळ्या आहेत, त्यांत काळे आणि पांढरे कण तरंगतात. विजेच्या इशाऱ्यानं कुठं काळे कण वर येतात, कुठं पांढरे, आणि त्यांचं अक्षर होतं. एकदा पान उमटलं की ते तसंच ठेवायला वीज लागत नाही, पान उलटताना तेवढी लागते.

“म्हणजे हा छापखानाच की गं!” मी ओरडलो. मी खिळ्यांच्या जमान्यातला माणूस. माझी पहिली कथा जुळवणारा कंपॉझिटर मी पाहिला आहे. समोर शेकडो खणांची केस, त्यांतून तो न पाहता काना, मात्रा, रफार, जोडाक्षरं उचलायचा. फॉर्म छापून झाला की सगळे खिळे सोडवून पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात. पाटीत तेच चाललंय. पान उलटलं की खिळे सुटले आणि नव्यानं जुळले.

“मग उजेड कुठला?”

“कडेला छोटे एलईडी आहेत, आजोबा. त्यांचा उजेड पानावर पडतो. डोळ्यांत नाही.”

हे एलईडी प्रकरणही मोठं गमतीचं आहे. लाल दिवा १९६२ सालीच निघाला होता. पुढं हिरवा आला. पण निळा काही केल्या नीट साधेना, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड होत नाही. त्यासाठी पुढं तीस वर्षं जावी लागली. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या सुमारास तो साधला, आणि २०१४ साली त्यांना पदार्थविज्ञानाचं नोबेल पारितोषिक मिळालं. तिघेही जपानात जन्मलेले. डोंबिवलीतल्या एका पलंगाची अडचण आपण सोडवतो आहोत हे त्यांना ठाऊक असण्याचा संभव नाही.

मी हट्टानं म्हटलं, “पण कागदाचं पुस्तक ते कागदाचं पुस्तक. त्याचा वास, पानांची सळसळ...”

“वास तुम्ही घेतलात,” ही आतून म्हणाली. “मी हात धुऊन, पुसून येईपर्यंत पुस्तक दुसऱ्याकडे गेलेलं असायचं. माझ्या हाताला लसणाचा वास, तो मात्र पुस्तकाला लागायचा.”

मी गप्प बसलो. पण मोबाइलविरुद्धचा माझा लेख काही सगळाच खोटा नव्हता, असं मला अजून वाटतं. मोबाइल वाचू देत नाही हे खरं आहे. आपण दोन ओळी वाचतो, तेवढ्यात वर काहीतरी टिंग वाजतं. पाटीवर टिंग वाजत नाही. माझं हे मत मी नातीला पटवू लागलो, तेव्हा तिनं माझाच मोबाइल उचलला, दोन-तीन ठिकाणी बोट लावलं आणि मला आकडा दाखवला. मी रोज सरासरी तीन तास चाळीस मिनिटं त्यात डोकं घालून असतो, अशी नोंद त्या चहाडखोरानं ठेवलेली होती. “आणि आजी?” मी विचारलं. आजीची सव्वीस मिनिटं. त्यातली बरीचशी मावशीशी बोलण्यात. ‘पुस्तक मिटलं, मोबाइल उघडला’ची दोन पानं मी त्याच संध्याकाळी फाडली.

श्रावणात माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, घरी आलो आणि चक्रावलो. आमच्या दिवाणखान्याची भिंत पांढरी निघाली! मी ती गेली कितीतरी वर्षं सायीच्या रंगाची समजत होतो. रंग देणाऱ्याशी मी त्यावरून वादही घातला होता. डॉक्टर म्हणाले, “वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं. पण ते इतकं हळूहळू होतं, की माणसाला वाटतं जगच असं आहे.” साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानानं एक तृतीयांशच उजेड पोचतो, असंही त्यांनी सांगितलं. मी घरी येऊन हिला म्हटलं, “तुझं पातळ निळं आहे होय? मला हिरवं वाटायचं.” ती म्हणाली, “निळंच आहे. घेतलं तेव्हाही निळंच होतं.”

नवं भिंग लांबचं पाहण्यासाठी बसवलेलं. रस्त्यावरच्या पाट्या लखलखीत दिसू लागल्या, पण पुस्तकातलं अक्षर पुसट. वाचायचा चष्मा महिन्याभरानं, डोळा स्थिरावला की. तोपर्यंत दर चार तासांनी थेंब घालायचे आणि गप्प पडून राहायचं. जन्मात पहिल्यांदा माझ्यावर वाचनाचा उपास आला. पहिले दोन दिवस रेडिओ ऐकला, तिसऱ्या दिवशी भिंतीकडं पाहिलं. पांढरी असली म्हणून भिंत किती वेळ पाहणार?

तिसऱ्या रात्री दहा वाजता मी दिवा मालवला. पलीकडं पाटी उजळली. मी थोडा वेळ तसाच पडून राहिलो. मग म्हटलं,

“रमाबाई संपल्या का?”

“कधीच. आता दुसरं चालू आहे.”

“मोठ्यानं वाचशील?”

ती काही बोलली नाही. मग उशी उंच करून बसली. घसा साफ केला. पहिली दोन पानं तिचा आवाज अडखळत होता, शाळेत उभं राहून वाचावं तसा. मग लागला. मधे एका ठिकाणी ती स्वतःशीच हसली आणि ते वाक्य तिनं पुन्हा वाचलं. रानड्यांचीही दृष्टी अधू होती, आणि ज्या बायकोला त्यांनी रात्री जागून अक्षरं शिकवली, तिनंच पुढं त्यांना वाचून दाखवलं, हे मला कुठंतरी वाचल्याचं आठवलं. पण मी ते बोललो नाही. त्यांनी शिकवलं होतं. माझ्या खात्यावर जमा काय?

हा क्रम तीन आठवडे चालला. गेल्या मंगळवारी चष्मा आला. रात्री मी तो केसातून काढला, पुसला आणि पुन्हा केसात ठेवून दिला. “अजून जरा डोळ्यावर ताण येतो,” मी म्हटलं. ही हसली असावी. अंधारात दिसलं नाही.

काल वाचता वाचता माझा डोळा लागला. किती वेळ गेला कोण जाणे, जाग आली तेव्हा पाटी उजळलेलीच होती, आवाज मात्र बंद. ओठ किंचित हलत होते.

“अगं, थांबलीस का? त्या पत्राचं पुढं काय झालं?”

“तुम्ही घोरत होतात. मी दोन प्रकरणं पुढं गेलेय.”

“मग मागं ये ना.”

“आता नाही येत मागं,” पान उलटत ती म्हणाली. “तुमचं तुम्ही उद्या वाचा. उशाशी दिवा लावा हवा तर. मला उजेडात झोप येते.”